न मोजलेल्या माणसांची मोजदाद

गर्दीच्या वेळची विरार लोकल डोळ्यांसमोर आणा. बारा डबे, दारात लोंबकळणारे हात, आत पाय टेकायला जागा नाही. अशा एका गाडीत पाचएक हजार माणसं असतात. अशा तीन गाड्या घ्या. झाली पंधरा हजार माणसं. आता या तिन्ही गाड्या रिकाम्या करा आणि ही माणसं महाराष्ट्रभर पांगवा. पण नाही, एक महाराष्ट्र पुरायचा नाही. एकाला एक जोडून चार महाराष्ट्र घ्या, आणि वर विदर्भाहून मोठा आणखी एक तुकडा. आता निघा! जीप, घोडा, उंट, पायपीट, जमेल तसं जा आणि या पंधरा हजारांतल्या एकेका माणसाला हुडकून काढा. त्याचं नाव लिहा, टोळीतलं नाव लिहा, जन्मवर्ष अंदाजाने लिहा, कोणत्या जमातीचा, कुठे राहतो, सगळं लिहा.

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात सरकारने हे खरोखर केलं. मे १९५७ मध्ये सरकारी राजपत्रात ती यादी छापून आली: ‘रजिस्टर ऑफ वॉर्ड्स’, पाल्यांची नोंदवही. नावं १५ हजारांहून जास्त. प्रदेश साडेतेरा लाख चौरस किलोमीटर. म्हणजे एका माणसामागे जवळपास ९० चौरस किलोमीटर! मुंबई शहर आणि उपनगर मिळून सहाशे चौरस किलोमीटर भरतात. या हिशोबाने कुलाब्यापासून दहिसरपर्यंत आणि पलीकडे मुलुंडपर्यंत मिळून सात माणसं राहतील. अख्ख्या मुंबईत सात. आणि त्या सातही जणांचं नाव वहीत.

ज्याचं नाव वहीत चढलं, त्याचा पालक सरकारचा कल्याण संचालक. तो माणूस साठ वर्षांचा असो, सात नातवंडांचा आजोबा असो. कुठे राहायचं, कुठे जायचं, कुणाशी लग्न करायचं, स्वतःच्या मालमत्तेचं काय करायचं, या सगळ्याला परवानगी लागणार. मुळात ज्या कायद्याखाली ही यादी झाली त्यात ‘ॲबोरिजिनल’ हा शब्दसुद्धा नव्हता. गोऱ्यांना आणि इतरांना त्यातून वगळायची कलमं अशी बेतली होती की उरले ते बरोब्बर आदिवासीच. लोकांनी मात्र त्या वहीला नेमकं नाव ठेवलं: ‘स्टड बुक’. म्हणजे घोडे-बैलांच्या पैदाशीची वही.

पंधरा हजारांच्या या यादीतून सुटलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. त्यातले एक अल्बर्ट नामात्जिरा. हर्मन्सबर्ग मिशनमध्ये वाढलेले हे चित्रकार. त्यांची जलरंगातली निसर्गचित्रं देशभर विकली जात, १९५४ मध्ये राणी एलिझाबेथलाही ते भेटले होते. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला नागरिक ठरवण्यात आलं, पण मुलं, भाऊबंद, मित्र सगळे वहीत. नागरिकाने पाल्याला दारू देणं गुन्हा, आणि आपल्यापाशी आहे ते नातलगांसोबत वाटून घेणं हा तर त्यांच्या समाजाचा धर्म. १९५८ मध्ये याच गुन्ह्याखाली त्यांना शिक्षा झाली. दोन महिने स्थानबद्धतेत गेले. १९५९ च्या ऑगस्टमध्ये ते वारले. एका वहीत नाव असणं आणि नसणं, या दोहोंच्या मधल्या फटीत एवढा मोठा माणूस चिरडला गेला.

आता दुसरा आकडा घ्या: कलम १२७. ऑस्ट्रेलियाची राज्यघटना १९०१ मध्ये लागू झाली आणि त्यातलं हे कलम सांगत होतं की देशाच्या लोकसंख्येची बेरीज करताना आदिवासींना धरायचं नाही. जनगणनेवाले त्यांचे वेगळे अंदाज बांधत, पण देशाच्या अधिकृत आकड्यात ते नाहीत. कलम रद्द झालं ते १९६७ मध्ये. सहासष्ट वर्षं! म्हणजे स्टड बुक छापलं गेलं त्या वर्षीही हे कलम जिवंत होतं. बेरजेत शून्य, आणि वहीत पंधरा हजार. मी या दोन आकड्यांपाशी कितीतरी वेळ अडकून पडलो होतो.

या सहासष्ट वर्षांची लांबी नीट कळायला आपण डेक्कन क्वीनमध्ये बसू. मुंबई ते पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला माजेदबेबे इथे माणसाच्या वस्तीच्या ६५ हजार वर्षांपूर्वीच्या खुणा सापडल्या आहेत. ती ६५ हजार वर्षं या रुळांवर अंथरा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून गाडी सुटली तेव्हा ती माणसं तिथे राहत होती. दादर, कल्याण, कर्जत गेलं, ती राहतच होती. बोरघाट चढून लोणावळा आलं. ४३ हजार वर्षं उलटली, अजून तीच माणसं. तळेगाव, चिंचवड. खडकीच्या आसपास कुठेतरी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांवर छिन्नी पडते. शिवाजीनगर मागे टाकून पुणे स्टेशन एक किलोमीटरवर आलं की रायगडावर राज्याभिषेक होतो. आणि स्टेशन फक्त सातशे मीटरवर आलेलं असताना, १७८८ मध्ये, ब्रिटिशांची अकरा जहाजं सिडनीच्या किनाऱ्याला लागतात. फक्त सातशे मीटर! कलम १२७ ची सहासष्ट वर्षं म्हणजे गाडीच्या आठ डब्यांची लांबी.

या शेवटच्या सातशे मीटरांतच सगळे कागद तयार झाले.

सुरुवात घोंगड्यांपासून झाली म्हणा ना. न्यू साउथ वेल्समध्ये १८३० च्या दशकात सरकार दरवर्षी आदिवासींना एकेक ब्लँकेट वाटायचं आणि वाटताना यादी करायचं: नाव, अंदाजे वय, बायका किती, मुलं किती, कुठली टोळी, कुठे फिरते. जमीन गेली, हाती घोंगडं आलं, आणि घोंगड्यामागे नाव कागदावर गेलं. पुढे राज्याराज्यांत कायदे आले. क्वीन्सलंडचा १८९७ चा, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा १९०५ चा. क्वीन्सलंडच्या कायद्याच्या तर नावातच ‘संरक्षण’ हा शब्द होता. गावोगावी ‘प्रोटेक्टर’, रक्षक, नेमले गेले आणि हा रक्षक बहुतेक वेळा तिथला पोलीसच असायचा.

आणि मग ती स्टेशनं. स्टेशन म्हणजे इथे गुरांची, मेंढ्यांची अफाट जहागीर. किती अफाट? व्हिक्टोरिया रिव्हर डाउन्स हे स्टेशन एकेकाळी ४० हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलं होतं. महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर, १७ हजार चौरस किलोमीटरचा. तसे दोन जिल्हे ठेवा, वर जवळजवळ दोन गोवे ठेवा, तेव्हा कुठे हे एक स्टेशन भरेल. एका मालकीचं! या जमिनीवर शतकानुशतकं राहणारी माणसंच तिथे गुरं वळायची, घोडे माणसाळवायची, कुंपणं घालायची, स्वयंपाकघरं सांभाळायची. मोबदला म्हणजे पीठ, साखर, चहा, तंबाखू आणि जुने कपडे. कुणाला किती पीठ दिलं ते वहीत. कोण कामावर, कोण आजारी, कोण ‘पळाला’, कोण मेला, ते वहीत. मॅनेजरच्या वहीतून रक्षकाच्या वहीत, रक्षकाच्या वहीतून राजधानीच्या फायलीत.

जन्मतारखांचीही एक गंमत वाटावी अशी गोष्ट आहे, पण ती आपल्याला आतून ओळखीची आहे. आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती टाकून दिली. तिकडे काहींच्या नावापुढे तशीच १ जुलै पडली. तारीख कारकुनाच्या सोयीची, आयुष्य माणसाचं.

आता विहिरी मोजू. किंबर्लेच्या स्टेशनांवरची गुरं दक्षिणेच्या बाजारात हाकत न्यायची तर मध्ये वाळवंट. आल्फ्रेड कॅनिंग नावाच्या सर्वेक्षकाला १९०६ मध्ये वाट शोधायला धाडलं. वाट निघाली सुमारे १,८५० किलोमीटरची. मुंबई–पुणे रस्ता दीडशे किलोमीटर धरा: बारा मुंबई–पुणे एकापुढे एक! एवढ्या वाटेवर पन्नासच्या आसपास विहिरी खोदल्या. म्हणजे दर ३५–४० किलोमीटरला एक. मुंबईहून निघालात तर पुण्यापर्यंत चार विहिरी, आणि मध्ये वाळूच वाळू. १९०८ ते १९१० या दोन वर्षांत ३१ माणसं, ७० उंट आणि १०० टन सामान घेऊन त्या तुकडीने हे काम उरकलं. आकडा ऐकून छाती दडपते.

पण या वाळवंटात पाणी कुठे आहे हे कॅनिंगला कसं कळलं? वाळवंटातल्या माणसांना धरून, साखळ्या घालून, पाण्यापर्यंत वाट दाखवायला लावून. हे आपल्याला माहीत आहे कारण त्याच मोहिमेवरच्या स्वयंपाक्याने तक्रार केली आणि १९०८ मध्ये त्यावर शाही आयोग बसला. आयोगाने कॅनिंगला निर्दोष ठरवलं. पण साक्षी नोंदवल्या गेल्या, त्या राहिल्या. साखळ्यांची माहिती सरकारच्याच दप्तरात शंभर वर्षांहून अधिक काळ शाबूत आहे. त्या माणसांच्या भाषांमध्ये कधीच न आटणाऱ्या पाण्याला ‘जिला’ म्हणतात, जिवंत पाणी. ज्या पाण्याची वाट मुलाबाळांना गाण्यांतून शिकवायची, ती गळ्यातल्या साखळीने ओढून घेतली गेली.

वेस्टर्न ऑस्ट्रेलिया हे राज्य आठ महाराष्ट्रांएवढं. आणि १९०५ च्या कायद्याने तिथल्या एका अधिकाऱ्याला, चीफ प्रोटेक्टरला, सोळा वर्षांखालच्या प्रत्येक आदिवासी मुलाचा कायदेशीर पालक करून टाकलं. आई जिवंत असो, बाप जिवंत असो. आठ महाराष्ट्रांतली सगळी लेकरं एका टेबलाच्या हवाली! १९१५ ते १९४० अशी पंचवीस वर्षं त्या टेबलापाशी ए. ओ. नेव्हिल बसले होते. नोकरीला परवाना त्या टेबलावरून, लग्नाला परवानगी त्या टेबलावरून, मुलाला आईपासून उचलायचा हुकूम त्या टेबलावरून. माणसागणिक फाइल. काही घराण्यांच्या चार-चार पिढ्या एका दोरीने बांधलेल्या.

त्यातलीच एक नोंद १९३१ ची. जिगालाँगहून मॉली नावाची चौदा वर्षांची मुलगी आणि तिच्या नात्यातल्या दोन धाकट्या बहिणी, डेझी आणि ग्रेसी, उचलून पर्थच्या उत्तरेला मूर रिव्हर वसाहतीत नेल्या. मुली तिथून निसटल्या. घर किती लांब? जवळपास १,६०० किलोमीटर. मुंबई–दिल्ली राजधानी १,४०० किलोमीटरही धावत नाही! मॉलीला एकच गोष्ट ठाऊक होती: सशांना अडवायला राज्यभर घातलेलं तारेचं कुंपण तिच्या गावावरून जातं. ते कुंपणही १,८०० किलोमीटरहून लांब, १९०१ ते १९०७ अशी सहा वर्षं बांधत होते. मुलींनी कुंपण पकडलं आणि चालू लागल्या.

आळंदी ते पंढरपूर वारी अडीचशे किलोमीटरची. वाटेत दिंडी, भजन, पंगत, मुक्कामाला तंबू, पायाला तेल लावणारे हात. अशा सहा वाऱ्या एकामागून एक चाला. दिंडी नाही, पंगत नाही, अंगावर एक कपडा, मागावर पोलीस. रोज सरासरी पंचवीस किलोमीटर, नऊ आठवडे. ग्रेसी वाटेत पकडली गेली. मॉली आणि डेझी घरी पोहोचल्या. आणि पुढे मॉलीला पुन्हा नेलं तेव्हा १९४१ मध्ये ती पुन्हा निसटली, या खेपेला दीड वर्षांची लेक कडेवर घेऊन. तेच १,६०० किलोमीटर पुन्हा! मोठी लेक डोरिस मात्र वसाहतीत मागे राहिली. तीच डोरिस पिल्किंग्टन गरिमारा पुढे लेखिका झाली आणि आईला पकडण्यासाठी लिहिलेली सरकारी पत्रं अभिलेखागारात वाचून तिने १९९६ मध्ये आईच्या या चालण्याचं पुस्तक लिहिलं. ज्या फायली मुलींना पकडायला उघडल्या, त्यांच्यातूनच एका मुलीला आपली आई सापडली.

क्वीन्सलंडमध्ये वहीचं नाव पासबुक. पगार मजुराच्या हातात द्यायचाच नाही, थोडा हातखर्च सोडून बाकी रक्षकाकडच्या खात्यात. पैसे काढायचे तर पोलिसाकडे जायचं, कारण सांगायचं, अंगठा उठवायचा. नीट वापरले का, हेही तोच पोलीस ठरवणार. आणि पगार तरी किती? १९१९ मध्ये दर ठरला: गोऱ्या मजुराच्या ६६ टक्के. त्याला शंभर तर याला सहासष्ट. हा पूर्ण हातात पडला असता तरी दर तीन वर्षांतलं एक वर्ष फुकट राबण्यात गेलं. पडलाही नाही. रोझलिंड किड या इतिहासकार बाईंनी वर्षानुवर्षं हीच दप्तरं उपसून दाखवून दिलं की खात्यांमधला पैसा कुठे कुठे वळवला गेला.

अंगठा, हजेरी, परवान्याशिवाय हलायची बंदी. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारांआड ज्यांच्या आजा-पणज्यांनी रोज हजेरी दिली, त्यांना यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही. आपल्याकडे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, तिकडे १८९७ चा संरक्षण कायदा. साम्राज्य एकच होतं आणि वह्या आखायची पद्धतही एकाच घराण्यातली. आपले भटके-विमुक्त ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या वहीतून सुटले. पुढे पाच वर्षांनी नॉर्दर्न टेरिटरीने नवी वही छापली.

कागदांचा आणखी एक डोंगर अभ्यासकांनी उभा केला. १९०४ पासून वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सरकारसाठी डेझी बेट्स या बाईंनी पोलिसांना, स्टेशनमालकांना शब्दांच्या छापील प्रश्नावल्या पाठवल्या. ‘पाणी’ला इथे काय म्हणतात, ‘आई’ला काय म्हणतात. भरून आलेल्या कागदांची आणि टाचणांची आज डिजिटल झालेली पानं २० हजारांहून अधिक. त्यातल्या कित्येक भाषा आज बोलायला कुणी उरलेलं नाही, पण कुठल्यातरी ठाण्यातल्या शिपायाच्या अक्षरात त्यांचे शब्द आहेत. १७८८ मध्ये या खंडात अडीचशेहून जास्त भाषा होत्या.

मग नॉर्मन टिंडेल. १९३८–३९ मध्ये ते आणि अमेरिकेचे जोसेफ बर्डसेल मिशनमागून मिशन, स्टेशनमागून स्टेशन फिरले. समोर माणूस बसवायचा, फोटो काढायचा, मापं घ्यायची आणि त्याची वंशावळ लिहायची: आई कोण, आजी कोण, कुठून आणली, कुठे नेली. टिंडेल यांच्या वंशावळीच्या कागदांत ५० हजार माणसांच्या आसपास नोंदी आहेत. वानखेडे स्टेडियम भरून वाहील आणि बाहेर अर्धं वानखेडे ताटकळत राहील, एवढी माणसं! आणि ही नुसती गर्दी नव्हे, कोण कुणाचं कोण ते लिहिलेलं. त्या काळातल्या या मोहिमांत पाच हजारांवर केसांच्या बटाही गोळा केल्या गेल्या. मापं घेणाऱ्यांच्या डोक्यातलं वंशाचं शास्त्र तेव्हाही वाईट होतं, आज तर ते पार मोडीत निघालं आहे. पण २०१७ मध्ये वंशजांच्या घरी जाऊन, परवानगी मागून, त्यातल्या १११ बटांची जनुकं तपासली गेली. उत्तर काय आलं? ही घराणी आपापल्या मुलखात ५० हजार वर्षांपर्यंत टिकून होती. आपण ‘सात पिढ्या’ म्हणतो आणि आपल्याला ते खूप वाटतं. पंचवीस वर्षांची एक पिढी धरा. दोन हजार पिढ्या! एकाच मुलखात दोन हजार पिढ्या, आणि दोन-तीन पिढ्यांत सरकारी हुकमाने त्यांची पांगापांग.

इथे एक वेगळी वहीही दाखवायलाच हवी, आदिवासींनी स्वतः केलेली. पिल्बारा हा भाग महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा. स्टेशनं एकमेकांपासून दिवसदिवसाच्या अंतरावर, फोन नाही, हलायला परवाना हवा. तिथे संप करायचा होता, एकाच दिवशी, सगळीकडे. डूली बिन बिन आणि क्लॅन्सी मॅकेना यांनी स्टेशनोस्टेशनी हाताने केलेली कॅलेंडरं पोहोचवली. रोज एक घर खोडायचं, घरं संपली की काम थांबवायचं. १ मे १९४६ उजाडला आणि वीसहून अधिक स्टेशनांवरचे किमान आठशे मजूर उठले! तो संप तीन वर्षं चालला. मुंबईच्या गिरणी संपाच्या घरात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना विचारा तीन वर्षं म्हणजे काय ते. सरकारच्या लाखो कागदांसमोर मला ती हाताने आखलेली कॅलेंडरं जास्त भारी वाटतात.

वीस वर्षांनी, २३ ऑगस्ट १९६६ ला, वेव्ह हिल स्टेशनवरून व्हिन्सेंट लिंगियारी यांच्यामागे गुरिंदजी समाजाची दोनशेएक माणसं चालत निघाली. तिथल्या मजुरांची हलाखी ही बातमी नव्हतीच: रोनाल्ड आणि कॅथरीन बर्न्ट या अभ्यासक दांपत्याने १९४४ ते ४६ मध्ये वेव्ह हिलच्याच मालकांच्या स्टेशनांची पाहणी केली होती. तो अहवाल पुस्तकरूपाने बाहेर आला थेट १९८७ मध्ये, चाळीस वर्षांनी. लिंगियारींचे लोक नऊ वर्षं हटले नाहीत. १६ ऑगस्ट १९७५ ला पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत माती ओतली. सोबत ३,२३६ चौरस किलोमीटर. गोवा ३,७०२. दोनशे माणसांनी चालून चालून जवळजवळ एक गोवा परत आणला!

तोवर १९६७ चं सार्वमतही झालं होतं. कलम १२७ काढायचं का? होय म्हणणारे ९०.७७ टक्के. ऑस्ट्रेलियात घटनादुरुस्तीची सार्वमतं बहुतेक आपटतात. एवढा कौल आधी कधी मिळाला नव्हता, नंतरही नाही. २०२१ च्या जनगणनेत स्वतःला आदिवासी किंवा टॉरेस सामुद्रधुनीचे रहिवासी म्हणवणारे ८,१२,७२८ जण भरले आणि राहून गेलेले धरून अंदाज गेला ९,८३,७०० वर. २०११ च्या मोजणीतलं अख्खं सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं. आणि या खेपेला फॉर्मवर ‘मी कोण’ याचं उत्तर ज्याचं त्याने लिहिलेलं.

मग दप्तरखान्यांची दारं ठोठावली जाऊ लागली. हिरावलेल्या मुलांना आणि त्यांच्या आयांना एकत्र आणणारी लिंक-अप ही संस्था १९८० मध्ये निघाली. १९९७ मध्ये ‘ब्रिंगिंग देम होम’ हा राष्ट्रीय चौकशी अहवाल आला: ६८९ पानं, ५३५ आदिवासींच्या साक्षी. अहवालाचा निष्कर्ष असा की १९१० ते १९७० या काळात दर दहा आदिवासी मुलांमागे किमान एक, आणि तीनांमागे एकापर्यंत, सक्तीने उचललं गेलं. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या मुलांकडे बघा आणि दर तिसऱ्यावर बोट ठेवा. राष्ट्रीय अभिलेखागाराने त्यानंतर जुन्या फायलींमधल्या नावांची सूची करायला घेतली, म्हणजे साठीतल्या माणसाला निदान आपल्या आईचं नाव तरी शोधता यावं.

पासबुकंही बोलू लागली. हान्स पिअर्सन या वृद्ध मजुराने हजारो जणांच्या वतीने क्वीन्सलंड सरकारला कोर्टात खेचलं. २०१९ मध्ये तडजोड: १९ कोटी डॉलर. २०२३ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १८ कोटी. २०२४ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत २० कोटी २० लाख. बेरीज ५७ कोटी डॉलर. ऑस्ट्रेलियन डॉलरला ५५ रुपये धरा, तीन हजार शंभर कोटी रुपयांच्या वर! पाचशेच्या नोटांची थप्पी लावा. एकीवर एक, कोऱ्या नोटा. कळसूबाई १,६४६ मीटर. थप्पी कळसूबाई ओलांडते, दुसरं कळसूबाई, तिसरं ओलांडते आणि चौथ्याच्या अर्ध्याच्याही वर जाऊन थांबते. आणि तरीही, ज्यांनी अंगठा उठवला त्यातले बहुतेक जण हा पैसा यायच्या आधीच गेले होते.

थांबा, अजून एक आकडा आहे.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापलीकडे मेर नावाचं बेट आहे. जेमतेम पावणेतीन किलोमीटर लांब. शनिवारवाड्याहून चालत निघालात तर स्वारगेटला बेट संपलं. तिथल्या एडी माबो आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८२ मध्ये दावा लावला की ब्रिटिश आले तेव्हा ही जमीन कुणाचीच नव्हती, हे खोटं आहे. दहा वर्षं खटला चालला. निकाल लागायच्या आधी काही महिने, जानेवारी १९९२ मध्ये, माबो गेले. ३ जून १९९२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: जमीन यांचीच होती. पुढच्या वर्षी कायदा झाला. आता प्रत्येक समाजाने सिद्ध करायचं होतं की आमचे पूर्वज इथेच होते आणि आमचं नातं तुटलेलं नाही. कशाने सिद्ध करणार? म्हाताऱ्यांच्या तोंडच्या गाण्यांनी, जागांच्या नावांनी, आणि त्याच कागदांनी! टिंडेलच्या वंशावळी. पीठ-साखरेच्या याद्या. मिशनच्या जन्ममृत्यूच्या वह्या. रक्षकाच्या अक्षरातलं ‘अमुक स्टेशनावर राहतो’.

एक मुलूख मान्य झाला. मग दुसरा. मग वाळवंटंच्या वाळवंटं. कित्येक ठिकाणी हा हक्क गुरांच्या स्टेशनांसोबत वाटून घेतलेला आहे, पूर्ण मालकी थोड्या ठिकाणी. पण हक्क मान्य झालेली जमीन आज देशाच्या ४० टक्क्यांच्या आसपास पोहोचली आहे. ऑस्ट्रेलिया ७७ लाख चौरस किलोमीटर. त्याचे ४० टक्के म्हणजे तीस लाखांच्या वर. महाराष्ट्र ठेवा. अजून एक ठेवा. पाच ठेवा, सात ठेवा. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले दहा पूर्ण महाराष्ट्र, काश्मीर ते कन्याकुमारी अख्ख्या भारताच्या जवळपास जाणारी भूमी. आणि तिच्यावरचा हक्क सांगायला आलेल्या नातवंडांच्या हातात, पानं पिवळी पडलेली, पणजीचं नाव चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेली ती वही.